रुपयात बारा आणे फरक

आमच्याकडे आजारी माणसाला कुणी ‘किती दुखतंय?’ असं विचारत नाही. ‘किती फरक हाय?’ असं विचारतात, आणि उत्तर आण्यांत येतं. रुपयात चार आणे फरक हाय. आठ आणे हाय. परवापेक्षा बरं वाटायलंय, दहा आणे म्हना. आणे माझ्या जन्माआधीच बाजारातून गेले, पण गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावात दुखणं, पाऊस, पीक आणि लग्नातलं जेवण अजून त्याच रुपयात मोजलं जातं. सोळा आणे म्हणजे माणूस पुरता बरा. शून्य आणे असं मात्र कुणी म्हणत नाही. ‘काईच फरक न्हाई’ म्हणतात.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, सगळंच आण्यांत सांगायचे. मी दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा त्यांनी गुणपत्रिका पुढून-मागून पाहिली आणि ‘पंधरा आणे’ म्हणाले. राहिलेला एक आणा कुठं गेला हे विचारायची माझी हिंमत नव्हती. पुढं लक्षात आलं की सोळा आणे ते कशालाच देत नाहीत. उमापूरच्या बाजारातली भजी त्यांना जीव की प्राण, पण त्या भज्यांनाही पंधराच.

मी अंबाजोगाईत राहते आणि डॉक्टर होणाऱ्या मुलांना संख्याशास्त्र शिकवते. हा विषय त्यांना नको असतो. शरीर चिरायला आलेल्या मुलांना आकडे चिरायला लावले की त्यांची तोंडं कडू होतात, त्याचा मला आता राग येत नाही. राग येतो तो भलत्या आकड्यांवर भलती गणितं करणाऱ्यांचा. म्हणून मी पहिल्याच तासाला मापांच्या चार पायऱ्या शिकवते आणि त्या येईपर्यंत पुढं जात नाही.

सगळ्यांत खालची पायरी नावाची. जनावराच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर नंबर असतो. ते नुसतं नाव असतं. गोठ्यातल्या बिल्ल्यांची सरासरी काढून दाखवा म्हटलं की मुलं हसतात. तिथं फक्त मोजायचं, कुठला प्रकार जास्त वेळा आला ते बघायचं, म्हणजे बहुलक. त्याच्या वरची पायरी क्रमाची. तिच्यासाठी मी फळ्यावर बैलाचे दात काढते. अदंत, दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि सगळे दात आले की जुळलेला. कोण आधी, कोण नंतर, एवढं यातून कळतं. पण चारदाती बैल दोनदातीच्या दुप्पट वयाचा नसतो, आणि ‘आमचे बैल सरासरी साडेतीनदाती आहेत’ असं म्हणणाऱ्याला बाजारात कुणी उभं करणार नाही. तिथं मध्यक घ्यायचा, म्हणजे सगळ्यांना ओळीत उभं करून मधला उचलायचा. एका वर्षी तलवाड्याचा एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, ‘मॅडम, इकनारे ते दात बी घासून बदलत्यात.’ मी म्हणाले, तो पुढचा धडा आहे. तसा धडा माझ्याकडे नव्हता.

तिसरी पायरी अंतराची, ताप किंवा हवेचं तापमान. तिथं अंशांमधलं अंतर सारखं असतं, सरासरी चालते. पण शून्य आपण आपल्या सोयीनं ठेवलेलं, म्हणून चाळीस अंशांचा उन्हाळा वीस अंशांच्या हिवाळ्याच्या दुप्पट गरम असं म्हणता येत नाही. आणि सगळ्यांत वरची पायरी खऱ्या शून्याची. वजन, उंची, एकर. तिथं दुप्पट म्हणजे दुप्पट, निम्मं म्हणजे निम्मं, हवं ते गणित करा.

दुखणं दुसऱ्या पायरीवर बसतं, क्रमाच्या. दहापैकी सहा दुखणं हे तीन दुखण्यापेक्षा जास्त, पण दुप्पट नव्हे. हे सांगून माझा घसा बसला आहे. तरी दर वर्षी कुणीतरी प्रबंध घेऊन येतं आणि त्यात दुखण्याची सरासरी दोन दशांश चिन्हांपर्यंत काढलेली असते. दुखण्याला दशांश चिन्ह लावणारा माणूस दिसला की माझा आवाज चढतो. विद्यार्थ्यांत माझं नाव त्यावरूनच पडलेलं आहे, ते इथं सांगत नाही.

गेल्या हिवाळ्यात दादांची कंबर धरली. अर्धं गाव ऊसतोडीला गेलेलं, वेचणीला माणसं नव्हती, म्हणून त्यांनी कापसाचं गाठोडं स्वतःच उचललं आणि तिथंच बांधावर बसले. कळ कमरेतून डाव्या पायात उतरली. मी त्यांना अंबाजोगाईला बोलावून घेतलं आणि ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. फोटो निघाले. डॉक्टरांनी ते उजेडावर धरून सांगितलं की मणक्याच्या दोन हाडांमधली गादी सरकली आहे आणि पायाकडे जाणारी नस दबली आहे. सध्या औषधं आणि आराम. दुखणं अर्ध्याच्या वर कमी झालं तर ऑपरेशन टळेल. नाही झालं तर मात्र वाट बघायची नाही, कारण नस फार दिवस दबून राहिली तर पाऊल लुळं पडतं, आणि एकदा पडलं की ते परत येईलच असं नाही.

दादांनी यातला एकच शब्द ऐकला, ऑपरेशन. आमच्या गावात एका म्हाताऱ्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं आणि तेव्हापासून तो बाजेवरच होता. त्याला नेमकं काय झालं होतं हे कुणाला माहीत नव्हतं, पण त्याची बाज रस्त्यावरून जाता-येता सगळ्यांना दिसायची. ‘त्याच्यापरीस हे दुखनं बरं,’ दादा म्हणाले आणि आईला घेऊन गावी परत गेले.

आता सगळं एका प्रश्नावर येऊन ठेपलं होतं. दुखणं अर्ध्याच्या वर उतरतंय का? उतरलं तर ऑपरेशन नाही. आणि उतरलं नसताना उतरलं असं आम्ही धरून चाललो, तर बाप पाय ओढत चालणार. मी रोज संध्याकाळी फोन करायची. आधी पाणी आलं का, वीज होती का, अशा गोष्टी व्हायच्या. मग मी विचारायची, दादा, किती फरक हाय?

पहिल्या दिवशी ते म्हणाले, ‘चार आणे.’ मग सहा. मग दोन दिवस आठावर थांबले. मग दहा झाले, बारा झाले, पुन्हा दहावर आले आणि बारावर टिकले. मी ते आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहीत गेले. आणे बघून कुणालाही मोह होईल. सोळाचा रुपया, खालचं शून्य खरं, आठ म्हणजे निम्मे. नाणी म्हणून ती चौथ्या पायरीवरची, हवं ते गणित करा अशी. पण इथं नाणी नव्हती, दुखणं होतं, आणि मी काही काल शिकवायला लागलेले नाही. सरासरी काढली नाही. शेवटच्या आठवड्याचे आकडे ओळीत लावून मधला उचलला. मध्यक बारा आणे. नियमाप्रमाणे, बिनचूक.

डॉक्टरांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘बारा आणे म्हणजे पाऊण. पंचाहत्तर टक्के. झकास.’

मी म्हणाले, ‘पंचाहत्तर टक्के असं म्हणता यायचं नाही. हे क्रमाचं माप आहे.’

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘बाबा बरे होतायत की नाही?’

‘होतायत,’ मी म्हणाले. तेव्हा मला तसंच वाटत होतं.

ठरल्या दिवशी दादा पुन्हा तपासायला आले. काकांनी, म्हणजे दादांच्या धाकट्या भावानं, जीप काढली होती. आई मागं उशी लावून दादांना धरून बसली होती. मी दवाखान्याच्या दारात उभी होते. दादा जीपमधून उतरले, धोतराचा सोगा सारखा केला आणि माझ्याकडे बघून हसले. चालताना डावं पाऊल जमिनीवर फटकन पडत होतं. मला वाटलं, एवढ्या लांबून बसून आल्यानं पाय आखडला असेल.

आम्ही चौघंही आत गेलो. खोली लहान होती. दादा स्टुलावर, आई त्यांच्या खांद्याशी, काका दाराला टेकून, मी टेबलाच्या कडेला. डॉक्टर म्हणाले, ‘बोला बाबा, किती फरक आहे?’

दादांनी डॉक्टरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मान वळवून आईकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या पंख्याच्या बटणांकडे बघत बसले.

‘फरक हाय की,’ ते म्हणाले.

‘किती?’

ज्या माणसाला आभाळाकडे बघून पावसाचे आणे सांगता येतात, त्याला स्वतःच्या कमरेचे सांगता येईनात. मला काही उमजेना. शेवटी काकाच म्हणाले, ‘चार आणे हाय डॉक्टरसाहेब. काल मला सांगितलं ना दादा, चाराच्या वर न्हाई म्हनून? पाणी देयाला मीच चाललोय रोज.’

‘चार?’ आई म्हणाली. ‘मला तर आठ म्हनलेत. सकाळी बी आठच.’

‘मला बारा,’ मी म्हणाले.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मधे एकदा त्यांनी स्वतः दादांना फोन करून चौकशी केली होती. ते म्हणाले, ‘आणि मला चौदा. ऑपरेशनची गरजच नाही साहेब, असं म्हणाले होते.’

काका हसू दाबत होते. आई हसत नव्हती. दादांनी पंख्याच्या बटणांवरची नजर काढली आणि माझ्याकडे वळून, अगदी व्यवहाराच्या आवाजात विचारलं, ‘तुला बारा सांगितलतं न्हवं?’

‘हो.’

‘मंग बारा लिव.’

डॉक्टरांनी काहीच लिहिलं नाही. त्यांनी दादांना उठवलं आणि टाचांवर चालायला सांगितलं. उजवं पाऊल टाचेवर उभं राहिलं. डावं राहिलं नाही, पंजा खालीच आला. मग त्यांना टेबलावर झोपवून डॉक्टरांनी त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर आपलं बोट ठेवलं आणि म्हणाले, माझ्या बोटाला वर ढकला. उजव्या अंगठ्यानं ढकललं. डाव्यासाठी दादांनी दात आवळले, मान ताठ केली, हातांनी टेबलाच्या कडा धरल्या. अंगठा जागचा हलला नाही. तो कुणासाठी चार आणि कुणासाठी चौदा असा नव्हता.

‘उद्याच करू,’ डॉक्टर म्हणाले.

आई रडायला लागली. काका जीपकडे गेले, पैपाहुण्यांना फोन करायचे म्हणून. मी दादांना बाहेरच्या बाकावर बसवलं आणि शेजारी बसले. मला त्यांचा राग आला होता. त्या रागाखाली भीती होती, आणि ती रागापेक्षा मोठी होती. समोरून स्ट्रेचर गेलं ते जाऊ दिलं आणि मग मी विचारलं, ‘कावून असं केलंत?’

‘कसं?’

‘एकाला चार, एकाला चौदा.’

त्यांना प्रश्नच कळला नाही असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. मग त्यांनी ते लहान मुलाला समजावून सांगावं तसं सांगितलं. काकाला जास्त सांगितलं असतं तर तो दुसऱ्या दिवशी ‘चला दादा, पाण्याचं बारं धरा’ म्हणाला असता, म्हणून चार. आईला चार सांगितलं असतं तर ती जेवली नसती, आणि बारा सांगितलं असतं तर तिला ते खरं वाटलं नसतं, रोज उठवणं-बसवणं तीच तर करत होती, म्हणून आठ. डॉक्टर तर सुरी घेऊनच बसलेला, त्याला चौदाच्या खाली काय सांगायचं?

‘आन् मला?’

‘तू लांब असतीस,’ ते म्हणाले आणि पायातली चप्पल नीट करू लागले. डाव्या पायातली चप्पल निसटली होती, ते त्यांना कळलं नव्हतं. मी ती घातली.

त्यांच्या दृष्टीनं यात खोटं काहीच नव्हतं. ‘किती फरक हाय’ हे विचारणारा कोण आहे ते बघून, त्याला झेपेल एवढं द्यायचं. आमच्या गावात सगळेच तसं देतात, आणि घेणाऱ्यालाही ते माहीत असतं. मीच शहरात राहून ते विसरले होते आणि दिलेले आकडे कॅलेंडरात लिहीत बसले होते. मी खूप जपून चौथ्या पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उतरले होते आणि तेवढ्यावर खूश होते. आणे मात्र पार खाली होते, पहिल्या पायरीवर. बारा हे दुखण्याचं माप नव्हतंच. बारा म्हणजे मी. चार म्हणजे काका, आठ म्हणजे आई. कानातले बिल्ले. त्यांचा मध्यक काढणं हे त्यांची सरासरी काढण्याइतकंच हास्यास्पद, आणि चौघांना चार वेगळे आकडे दिल्यामुळे बहुलकही निघत नव्हता.

ऑपरेशन नीट झालं. दादा बाजेवर पडून राहिले नाहीत. तिसऱ्याच दिवशी भिंत धरून चालले आणि ‘त्या म्हाताऱ्याला दुसरंच काईतरी झालं असंल’ म्हणाले. पाऊल बरंचसं परत आलं, सगळं नाही. अजून चढ आला की डावा पंजा जमिनीला घासतो. लवकर केलं असतं तर सगळं आलं असतं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. सांगता येत नाही, म्हणाले. मला ते उत्तर आवडलं नाही, पण आकड्यात दिलं नाही याबद्दल बरं वाटलं.

त्यानंतर मी फोनवर किती फरक हाय हे विचारणं बंद केलं. मारुतीपर्यंत गेलतात का, एवढंच विचारायची. गेलतो किंवा न्हाई गेलो. मग मी आईलाही तेच विचारायची. आधी आधी दोघांची उत्तरं जुळत नसत, पुढं जुळू लागली. मुलांना चार पायऱ्या शिकवताना मात्र मी एक वाक्य वाढवलं. आकडा कुठल्या पायरीवरचा ते ठरवण्याआधी तो कुणी कुणाला सांगितला ते विचारा. मुलं ते वहीत उतरवून घेतात. परीक्षेत ते येत नाही, म्हणून पुढं विसरतात.

श्रावणात माझाच हात मोडला. न्हाणीघरात पाय घसरला, उजव्या हातावर पडले, मनगटाचं हाड सरकलं. प्लास्टर घातलं. मी एकटी राहते. डाव्या हातानं चहा करणं, केस विंचरणं, फळ्यावर लिहिणं, सगळ्याचीच पंचाईत झाली. डॉक्टरांनी दहापैकी किती दुखतंय विचारलं तेव्हा मी सात म्हणाले. वर्गात विचारलं तेव्हा, काही नाही, बसा, म्हणाले. शेजारच्या बाई डबा आणून द्यायच्या, त्यांना ‘बरंच बरं आहे’ म्हणाले, कारण नाहीतर त्या दोन वेळा आल्या असत्या.

संध्याकाळी दादांचा फोन आला. एरवी फोन मी करते, ते करत नाहीत. वीज होती का, हे त्यांनी विचारलं नाही. सरळ म्हणाले, ‘किती फरक हाय?’

‘बारा आणे,’ मी म्हणाले. विचार केलाच नव्हता, तोंडातून आपसूक आलं.

पलीकडे गोठ्यातली घंटा वाजली.

‘ते बारा माझे हायेत,’ दादा म्हणाले. ‘तुझे सांग.’

मी प्लास्टरकडे पाहिलं. आकडा शोधला, सापडला नाही. एकाएकी रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

‘दुखायलंय दादा,’ मी म्हणाले. ‘लई दुखायलंय.’

‘हां,’ ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, आई जवळपास असावी, म्हणाले, ‘माझंबी.’